टाकी भरताना नोझल सारखे कट होते: मोटरहोमच्या टाकीतील हवेची अडलेली वाट

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती आपल्याला लगेच दिसेल. आपण टेक्सासमध्ये राहता आणि गेल्या वर्षी २०११ सालचे, फोर्ड ई-४५० या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधलेले पेट्रोलचे मोटरहोम, म्हणजे राहण्याचे घर असलेली गाडी, जुने विकत घेतले. त्याची टाकी ५५ गॅलनची, म्हणजे सुमारे २०८ लिटरची आहे. पंपावर नोझल पूर्ण दाबले की दोन-तीन सेकंदांत ते खटकन कट होते. अगदी हलक्या हाताने धरून भरले, तर टाकी भरायला अर्धा तास जातो. नोझल उलटे धरले की थोडा फरक पडतो. गाडी चालते उत्तम आणि इंजिनचा दिवाही लागलेला नाही. एका गॅरेजने टाकीचे झाकण बदलून दिले, त्याचा उपयोग झाला नाही, आणि आता दुसऱ्या गॅरेजने टाकीच बदलावी लागेल असे सांगितले आहे. मागच्या मालकाने दिलेल्या बिलांमध्ये टाकीतील इंधन पंप बदलल्याची नोंद आहे, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. टाकी बदलावी का, असे आपण विचारता.

माझे उत्तर असे, की इतक्यात बदलू नये. टाकी स्वतः बिघडल्यामुळे भरणे अडले आहे असे मी माझ्या कामात फार क्वचित पाहिले आहे, आणि जेव्हा पाहिले तेव्हा ती बाहेरून कशाला तरी आदळून चेपलेली होती. आपण जाता जाता लिहिलेली ती पंपाची नोंद मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येण्याआधी थोडे मागून सुरुवात करतो.

टाकी हळू भरणे आणि नोझल वारंवार कट होणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पेट्रोल पंपावरील यंत्राचा स्वतःचा फिल्टर तुंबला असेल तर पेट्रोल हळू येते, पण नोझल कट होत नाही. तो पंपाचा दोष असतो आणि शेजारच्या पंपावर गेले की तक्रार संपते. अमेरिकेत पेट्रोलच्या नोझलचा वेग कायद्यानेच मिनिटाला १० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ३८ लिटरपर्यंत मर्यादित ठेवलेला आहे आणि प्रत्यक्षात बरेच पंप त्याहून कमीच देतात. त्यामुळे जवळजवळ रिकामी ५५ गॅलनची टाकी भरायला सहा ते आठ मिनिटे लागली तर त्यात काही बिघडलेले नाही. आपल्याकडे नोझल कट होते, म्हणजे दोष गाडीच्या बाजूला आहे.

नोझलला टाकी भरली आहे की नाही हे कळत नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्याच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते आणि तेथून एक अरुंद नळी मुठीतील पडद्यापर्यंत जाते. पेट्रोल वाहत असताना मुठीत ओढ निर्माण होते आणि त्या छिद्रातून सतत हवा खेचली जाते. छिद्रावर पेट्रोल आले की हवा येणे थांबते, पडद्यावरची ओढ एकदम वाढते आणि खटका सुटतो. हे पेट्रोल काठोकाठ भरलेल्या टाकीचे आहे की नळीतून उलट उसळलेला एक फवारा आहे, हे त्या यंत्रणेला सांगता येत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे खरे रूप असे होते: पाव भरलेल्या टाकीच्या तोंडाशी पेट्रोल उलटे का येते?

त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी हवेत असते. मिनिटाला ३८ लिटर पेट्रोल आत जायचे असेल तर तेवढीच हवा आणि वाफ त्याच मिनिटात बाहेर यायला हवी. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपल्याकडे समोरासमोर दोन छिद्रे पाडतात, कारण एकच पाडले तर तेल गचके देत येते. तेच येथे घडते. मोटरहोमला भरण्याची जाड नळी असते आणि तिच्या सोबतीने एक बारीक नळी, साधारण करंगळीएवढ्या पोकळीची, टाकीच्या माथ्यापासून वर भरण्याच्या तोंडापर्यंत येते. टाकीतील हवा या बारीक नळीने बाहेर पडते. ती बंद झाली की हवेला जाड नळीतूनच, येणाऱ्या पेट्रोलशी झटापट करत, वर यावे लागते आणि ती येताना पेट्रोलचा फवारा घेऊन येते.

मोटारगाडीत हा त्रास कमी आणि मोटरहोममध्ये जास्त का, याचे कारण या गाड्या ज्या पद्धतीने बांधल्या जातात त्यात आहे. चासी, इंजिन आणि टाकी एक कारखाना बनवतो. त्यावरचे घर दुसरा कारखाना बांधतो. टाकी या चासीवर बहुधा मागच्या ॲक्सलच्या मागे, चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये टांगलेली असते. घर मात्र त्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना बरेच बाहेर आलेले असते, आणि भरण्याचे तोंड घराच्या बाहेरच्या भिंतीत बसवावे लागते. त्यामुळे नळीला दोन-तीन फूट जवळजवळ आडवे जावे लागते. तोंड टाकीच्या फार वर नेता येत नाही, कारण आत त्या जागी पलंग, कपाट किंवा सामानाचा कप्पा असतो. चासी बनवणारे सूचना देतात की नळीला सलग उतार हवा, मध्ये झोळ नको. पण बांधणीच्या घाईत नळी अर्धा फूट जास्त लांब कापली गेली किंवा तिला आधार देणारी पट्टी ढिली राहिली की झोळ पडतोच. झोळात आधीच्या वेळचे पेट्रोल साचून राहते आणि पुढच्या वेळी ते बुचासारखे आडवे येते.

असे असले तरी केवळ झोळामुळे इतका त्रास होत नाही, असे माझे मत आहे. हवेची बारीक नळी मोकळी असेल तर झोळ असलेली गाडीसुद्धा मधल्या वेगाने भरते, फक्त पूर्ण वेगाने भरत नाही. मधल्या वेगालाही नोझल कट होत असेल तर बारीक नळीवर संशय घ्यावा.

आता त्या बिलाकडे येतो. या गाडीचा इंधन पंप टाकीच्या आत, वरच्या बाजूला बसवलेला असतो, आणि तो बदलण्यासाठी सर्वसाधारणपणे टाकी खाली उतरवावी लागते. उतरवताना सर्व नळ्या सोडवतात. परत चढवताना टाकी जॅकवर ठेवून वर ढकलतात आणि शेवटच्या काही इंचांत माथ्यावर काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही. हवेची नळी मऊ असते. ती टाकीचा माथा आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मध्ये चेपली जाऊ शकते, वळणावर दुमडली जाऊ शकते किंवा घाईत चुकीच्या तोटीवर बसवली जाऊ शकते. गाडी सुरू होते, पंपाचा दाब बरोबर येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जाते, आणि पहिल्यांदा पेट्रोल भरायला थांबेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही. टाकी कधी काळी उतरवलेली असेल आणि भरण्याची तक्रार त्यानंतर सुरू झाली असेल, तर मी दुसरीकडे कोठेही पाहण्याआधी माथ्यावरची ती नळी पाहतो. तक्रार पंप बदलण्याआधीपासून होती की नंतर सुरू झाली, हे मागच्या मालकाला फोन करून विचारता आले तर विचारावे. त्या उत्तरावर बरेच अवलंबून आहे. तक्रार आधीपासून असेल तर घर बांधणाऱ्याने टाकलेल्या नळ्यांकडे, नंतरची असेल तर पंप बदलणाऱ्याच्या कामाकडे बोट जाते.

झाकण बदलून उपयोग झाला नाही याचे नवल नाही. भरताना झाकण काढलेलेच असते, त्यामुळे भरण्याच्या तक्रारीशी त्याचा संबंध पोहोचत नाही.

गाडीखाली जाण्याआधी पंपावरच काही गोष्टी पाहता येतात. टाकी निम्म्याहून कमी असताना भरायला जा आणि नोझलच्या खटक्याला असलेल्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या, मग मधल्या, मग वरच्या पायरीवर लावून पाहा. नोझल कट झाल्यावर ते लगेच काढू नका; काही क्षण थांबून ऐका. जाड नळीतून गडगड आवाज येऊन हवेचा ढेकर वर आला, तर हवेला दुसरी वाट नाही असे समजावे. टाकी अर्ध्यापर्यंत सुरळीत भरते आणि पुढे अडते, की अगदी तळाशी असतानाही अडते, हेही लिहून ठेवा. तळाशी असतानाच अडत असेल तर नळी दबलेली किंवा तुंबलेली असण्याकडे कल जातो. वरच्या पाव भागातच अडत असेल तर गाडी कोणत्या बाजूला कललेली होती हे आधी पाहावे, कारण कललेल्या टाकीत हवेच्या नळीचे आतले तोंड लवकर बुडते. नोझल उलटे धरल्यावर फरक पडतो, या आपल्या निरीक्षणावरून मात्र फारसे काही ठरत नाही. टोकावरचे छिद्र फवाऱ्यापासून दूर गेल्यामुळे ते घडते आणि कारण कोणतेही असले तरी घडते.

गाडीखालची पाहणी करताना सावधगिरीचे नियम पाळा, ते मी थोडक्यात सांगतो. काम उघड्यावर, इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड असताना करावे. टाकीत पेट्रोल जितके कमी तितके चांगले. मोटरहोममध्ये ज्योत एकाच ठिकाणी नसते: फ्रिज, पाणी तापवण्याचा हीटर आणि खोली तापवण्याची भट्टी यांपैकी काहीही आपोआप पेटू शकते, म्हणून गॅसच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करावा. गाडीच्या बॅटरीबरोबर घराच्या बॅटरीचीही ऋण बाजूची तार काढावी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर किंवा स्वतःच्या लेव्हलिंग जॅकवर (उभी गाडी समतल करणाऱ्या जॅकवर) उचलून तिच्याखाली शिरू नये.

खाली गेल्यावर भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत दोन्ही नळ्या डोळ्यांनी आणि हातांनी चाचपत जा. जाड नळी कोठे खाली झुकून पुन्हा वर चढते का, हे एक दोरी ताणून धरली की लगेच दिसते. नंतर बसवलेल्या गोष्टींवर विशेष लक्ष ठेवा: मागाहून लावलेला जॅक, सायकल अडकवण्याच्या कॅरिअरचा आधार, सांडपाण्याच्या पाइपची पट्टी. प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधलेली हवेची नळी मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे, की त्या पट्ट्या विकणाऱ्यांनी प्रत्येक पाकिटावर तशी सूचना छापावी असे मला वाटते. बाहेरून धडधाकट दिसणारी नळीही आतून बंद असू शकते. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराचा आतला थर कधी कधी सुटून पडद्यासारखा आडवा येतो. बोटांनी दाबल्यावर नळी एखाद्या ठिकाणी फार मऊ किंवा फुगीर लागली तर ती बदलावीच.

पुढची चाचणी सोपी आणि निर्णायक आहे. भरण्याच्या तोंडाकडील बाजूने हवेच्या नळीचा क्लॅम्प सोडवून नळी काढा, टाकीचे झाकण उघडे ठेवा आणि त्या नळीत सायकलच्या हातपंपाने हवा सोडा. कंप्रेसर अजिबात वापरू नका, आणि पेट्रोलची वाफ असल्यामुळे तोंडाने फुंकूही नका. टाकी निम्म्याहून रिकामी असली पाहिजे, नाहीतर आतले टोक बुडालेले असू शकते आणि निष्कर्ष चुकतो. नळी मोकळी असेल तर पंपाचा दांडा सहज खाली जातो. दांडा परत वर ढकलला जात असेल तर नळी पुढे कोठेतरी बंद आहे, आणि आपल्या बाबतीत ते ठिकाण टाकीच्या माथ्यावर असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. दांडा सहज जातो पण जाड नळीतून बुडबुड्यांचा आवाज येतो, असे झाले तर झोळात पेट्रोल साचले आहे.

नळी बंद निघाली तर टाकी थोडी खाली घ्यावी लागेल. पूर्ण काढण्याची गरज बहुधा पडत नाही. पट्ट्या ढिल्या करून काही इंच खाली आणली की हात पोहोचतो. भरलेल्या टाकीत दीडशे किलोंहून अधिक वजनाचे पेट्रोल असते, म्हणून हे काम टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावरच करून घ्यावे, आणि ते गॅरेजमध्येच करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. घराच्या फरशीला वरून चौकोनी झाकण कापून काम करण्याची पद्धतही काही जणांकडे आहे. मी ती करत नाही, कारण खाली कोणती तार, कोणती नळी आणि कोणती आडवी पट्टी आहे हे वरून कळत नाही, आणि पुढे त्या झाकणातून पेट्रोलचा वास झोपण्याच्या जागेत आला तर तो धोका जन्माचा होतो.

नवी नळी घेताना ती इंधन भरण्यासाठीची आहे असे तिच्यावर छापलेले असले पाहिजे, आणि जाड नळीत वळणावर चपटी होऊ नये म्हणून तारेचे वेटोळे असलेली घ्यावी. रेडिएटरची नळी जाडीला बरोबर बसते म्हणून लावणारे लोक आहेत. ती पेट्रोलने फुगते आणि काही महिन्यांत गळू लागते.

आपण बाष्प साठवणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरबद्दल विचारले नाही, पण पुढचे गॅरेज त्याचे नाव काढेल म्हणून लिहितो. अमेरिकेत मोटारगाड्यांना १९९८ सालापासून टप्प्याटप्प्याने अशी व्यवस्था सक्तीची झाली, की भरताना निघणारी वाफ बाहेर न जाता गाडीतल्याच कॅनिस्टरमध्ये शोषली जावी. त्या गाड्यांत कॅनिस्टर किंवा त्याचा हवेचा व्हॉल्व्ह तुंबला की टाकी भरणे अडते, आणि म्हणून कार दुरुस्त करणारे मेकॅनिक आधी तिकडेच धावतात. आपल्या गाडीचे कमाल वजन १४,५०० पौंडांच्या वर्गातले आहे आणि त्या काळी ही सक्ती इतक्या जड गाड्यांना लागू नव्हती. कॅनिस्टर आपल्याकडेही आहे, पण गाडी उभी असताना किंवा चालत असताना तयार होणारी वाफ सांभाळणे हे त्याचे मुख्य काम आहे. भरतानाची हवा मुख्यतः त्या बारीक नळीनेच येते. म्हणून कॅनिस्टर मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. इंजिनचा दिवा लागला असता आणि तपासणीत पी०४४६ सारखा कॅनिस्टरच्या हवेच्या व्हॉल्व्हचा संकेत आला असता, किंवा पेट्रोल भरल्यानंतर लगेच इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असते, तर हा क्रम मी उलटा केला असता.

कीटकांनाही विसरू नका, विशेषतः गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर. चिखलाचे घर करणारी गांधीलमाशी भरण्याच्या तोंडाजवळची किंवा कॅनिस्टरच्या हवेची नळी आवडीने निवडते. २०११ मध्ये माझदा कंपनीने आपल्या माझदा-६ या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळे विणत होता आणि त्यामुळे टाकीत निर्वात ओढ तयार होऊन ती तडकण्याचा धोका होता. त्यामुळे नळीच्या टोकाला विजेरी लावून पाहायला एक मिनिट खर्च करावे.

दुरुस्ती होईपर्यंत प्रवास करायचा असेल तर भरण्याचे तोंड उंच राहील अशा बाजूने गाडी उभी करा. पंपाच्या आवारातील थोडासा उतारही उपयोगी पडतो. नोझल एक-दोन इंच बाहेर ओढून, पाव वळण देऊन, खालच्या पायरीवर लावा. टाकी तळाशी जाऊ देण्याऐवजी निम्मी झाली की भरा, म्हणजे एका वेळी कमी वेळ उभे राहावे लागेल. नोझल शेवटचे कट झाल्यावर आणखी थोडे बसवण्याचा प्रयत्न करू नका, कारण ते पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरते आणि ओला झालेला कोळसा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. पंपाच्या आवारात शिरण्याआधी जनरेटर आणि गॅसवर चालणारा फ्रिज बंद करा, ही सवय तर टाकी नीट भरत असली तरी हवी. आपण कधी कॅलिफोर्नियात गेलात, तर तेथील काही नोझलांवर वाफ ओढून घेण्यासाठी रबरी घड्यांचे आवरण असते. मोटरहोमच्या खोल बसवलेल्या तोंडात ते नीट दाबले जात नाही आणि पेट्रोल सुरूच होत नाही. तो आपल्या गाडीचा दोष समजू नये.

हे सारे पेट्रोलच्या गाडीबद्दल झाले. डिझेलच्या मोटरहोममध्ये फेसाचा प्रश्न वेगळा असतो आणि ट्रक भरण्याच्या पंपांचे नोझल जाड व वेगवान असतात, त्यामुळे तेथे पहिला उपाय म्हणून कारसाठीचा पंप वापरून पाहावा. महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅरव्हॅन बांधून घेणाऱ्यांनाही, भरण्याचे तोंड मूळ जागेवरून हलवले असेल तर, नळीच्या उताराबद्दल वर लिहिलेले जसेच्या तसे लागू पडते.

टाकी बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला एकच प्रश्न विचारा: हवेची नळी टाकीकडून मोकळी असल्याची चाचणी त्यांनी केली का, आणि कशी? चाचणी न करता सांगत असतील, तर नव्या टाकीवर तीच जुनी नळी तशीच चेपून बसण्याची शक्यता आहे. काम कोणाकडूनही करून घेतले तरी पैसे देण्याआधी गाडी त्यांच्यासोबत जवळच्या पंपावर न्या, नोझल सर्वांत वरच्या पायरीवर लावून किमान २० गॅलन भरून पाहा, आणि मग खाली वाकून प्रत्येक नव्या क्लॅम्पभोवती कोरडा कागद फिरवून तो ओला होत नाही ना, हे तपासा.